वर्ष वाचकाचं असतं

डिसेंबर सरत आला की वाचणाऱ्या मंडळींमध्ये एक जुना वाद नव्याने पेटतो. कुणीतरी वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी जाहीर करतं. वर आकडा असतो, साठ, ऐंशी, कधी शंभराच्या पुढे. खाली त्यांतली दहा ‘आवडती’. लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा दिखावा आहे. वाचन ही एकांतातली गोष्ट, तिची दवंडी कशाला पिटायची? दुसरा म्हणतो, वाचन संपत चाललं म्हणून गळे काढणाऱ्यांनीच वाचणाऱ्याचे पाय ओढावेत, याला काय म्हणावं? जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वाद विझतो आणि कुणाचंही मत तसूभर हललेलं नसतं.

मला हा वाद भलत्याच जागी चाललेला वाटतो. यादी करणारा मिरवतो आहे का, हे तपासत बसणं म्हणजे त्याच्या मनात शिरू पाहणं, आणि ते कुणालाच जमत नाही. आकडा मोठा की छोटा, यावरून पुस्तकांबद्दल काहीच कळत नाही. विचारायला हवं ते असं: ही यादी कशाची ग्वाही देते? माझं म्हणणं आहे की आवडत्या पुस्तकांची यादी ही साक्ष असते. साक्षीदाराने काय पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, तेव्हा उजेड किती होता, हे सांगायचं असतं. निकाल देणं त्याचं काम नसतं. आपल्या बहुतेक याद्या निकाल देऊन मोकळ्या होतात आणि साक्ष तेवढी गाळतात. शिवाय ‘गेल्या वर्षातली पुस्तकं’ म्हणताना ते वर्ष वाचकाचं धरायला हवं. आतल्या पानावर छापलेलं साल हे प्रकाशकाचं वर्ष झालं. माझ्या वर्षाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

अशा साक्षीचा एक फार जुना नमुना उपलब्ध आहे. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, फोटियस नावाचा विद्वान होता. तो तिथला धर्मप्रमुखही झाला. त्याच्या भावाने, तारासियसने, त्याला गळ घातली: मी हजर नसताना तुम्ही जी पुस्तकं वाचलीत, ती कोणती होती आणि त्यांत काय होतं, ते मला लिहून दे. फोटियसने २८० पुस्तकांबद्दल लिहिलं. कुठे दोन ओळी, कुठे पानंच्या पानं. कथानक सांगितलं, शैली सांगितली, कुठे लेखक कंटाळवाणा झाला ते सांगितलं. ज्याची मतं त्याला पाखंडी वाटत, त्याची भाषा सुंदर असेल तर तेही सांगितलं. क्रम लावला नाही, गुण दिले नाहीत. आज त्यांतली जवळजवळ निम्मी पुस्तकं नष्ट झाली आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या एका भावाने दुसऱ्या भावासाठी लिहिलं म्हणून ठाऊक आहे. त्याने त्या काळची दहा ‘सर्वोत्तम’ पुस्तकं निवडून नुसती नावं लिहून ठेवली असती, तर आपल्या हाती काय लागलं असतं? दहा नावं. मागे पुस्तकं नसलेली नावं.

फोटियसच्या लिखाणातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्याला ठाऊक आहे तो कुणाशी बोलतो आहे. तारासियस त्या वाचनाला नव्हता, म्हणून त्याला सगळं नीट उलगडून सांगायला हवं. आजची यादी कुणाला उद्देशून असते? बहुतेक वेळा ज्यांनी तीच पुस्तकं वाचली आहेत किंवा निदान ती नावं ऐकली आहेत, त्यांना. त्यामुळे सांगायचं काही उरतच नाही. ओळख पटवून माना डोलवायच्या, इतकंच.

‘आवडतं’ आणि ‘उत्तम’ हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, घोळ तिथून सुरू होतो. वर्षातलं उत्तम पुस्तक ठरवायचं तर त्या वर्षातली सगळी पुस्तकं वाचलेली हवीत. कुणी वाचली आहेत? बुकर पुरस्काराचे परीक्षक काही महिन्यांत दीडशेच्या आसपास पुस्तकं वाचतात. माणसाच्या कुवतीचं ते टोक झालं, आणि तरीही त्यांच्यापुढे येतात ती मुख्यतः प्रकाशकांनी धाडलेली पुस्तकं. आपण आठवड्याला एक पुस्तक नेमाने वाचलं, पन्नास वर्षं एकही आठवडा चुकवला नाही, तरी सगळ्या आयुष्याची बेरीज सव्वीसशेच्या घरात जाते. एवढ्याशा ओंजळीत कुठल्या समुद्राचा निवाडा करणार? १९०१ साली साहित्याचं पहिलं नोबेल फ्रेंच कवी सुली प्रूदॉम यांना मिळालं. तोल्स्तोय तेव्हा हयात होते, लिहिते होते, पुढे नऊ वर्षं जगले. खुद्द स्वीडनमधल्या ४२ लेखक-कलावंतांनी तोल्स्तोयना पत्र पाठवून आपली नाराजी कळवली. निवड करणारे अडाणी होते का? मुळीच नाही. पण निकालाची भाषा एकदा वापरली की पुढचा काळ तुमचा निकाल तपासायला बसतोच. त्यांतल्या एखाद्याने ‘मला प्रूदॉमच्या कविता आवडतात, आणि त्या अमुक कारणाने आवडतात’ एवढंच म्हटलं असतं, तर सव्वाशे वर्षांनीही त्याला कुणी खोटं पाडू शकलं नसतं.

इथे समोरून जो आक्षेप येतो तो दमदार आहे. खोटं पाडता येत नाही अशा विधानाची किंमत काय? ‘मला आवडलं’ यापुढे बोलणंच खुंटतं. प्रत्येकाची आवड ज्याची त्याची म्हटलं की चांगल्या-वाईटाचा विवेक गेला, समीक्षा गेली. हे मला मान्य करावंच लागतं, कारण रोज त्याचा प्रत्यय येतो. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’ ही विशेषणं कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात आणि म्हणूनच ती कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. अशी यादी साक्ष देत नाही, नुसती आरोळी ठोकते. पण या आक्षेपात एक गृहीत धरलेलं आहे: आवड म्हणजे कारणांच्या पलीकडची गोष्ट. मला ते पटत नाही. आवडीला कारणं असतात, ती शोधावी लागतात, आणि शोधली की त्यांतून पुस्तकाबद्दलच काहीतरी नवं हाती लागतं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं माझ्यापुरतं असंच झालं. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला; म्हणजे कुठल्याही अर्थाने ते यंदाचं पुस्तक नाही. मी ते पहिल्यांदा विशीच्या आत वाचलं. लक्ष्मीबाईंचे वडील, नाना, पराकोटीचे सोवळे. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालत नसे, आणि त्या धुण्यापायी घरातल्या बायकांचे हाल होत. त्या वयात मी हे वाचून पोट धरून हसले होते, कारण लक्ष्मीबाई सांगतातही तशाच, हसत हसत. गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात मी ते पुन्हा हातात घेतलं. वडील तेव्हा रात्री चार-चारदा उठून दाराची कडी लागली आहे ना, हे बघायचे. मी पलंगावर बसलेली, मांडीवर पुस्तक. ते अंधारात भिंतीला हात लावत दारापर्यंत जायचे, कडी हलवून पाहायचे, परत यायचे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा उठायचे. त्याच रात्रींत मला ‘स्मृतिचित्रे’तली ती गोष्ट नीट वाचता आली, जी पहिल्या वेळी डोळ्यांखालून गेली होती पण मनात उतरली नव्हती: १८५७च्या बंडानंतर नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली होती, आणि नानांच्या या सोवळ्याची मुळं त्या धसक्यात होती. जे मला विनोदी वाटलं होतं ते भय होतं. हात धुणारा माणूस काहीतरी बाहेर ठेवू पाहत होता, कडी तपासणारा माणूसही तेच करत होता. आणि लक्ष्मीबाईंनी वडिलांना क्षमा करा असं एकदाही न म्हणता, हसवत हसवत, ते भय आपल्यापुढे ठेवलं आहे.

आता ‘स्मृतिचित्रे हे मराठीतलं थोर आत्मचरित्र आहे’ हे वाक्य आणि वरचा परिच्छेद, यांतलं वाचायला प्रवृत्त करणारं कुठलं? पहिलं वाक्य खरं आहे, निर्विवाद आहे, आणि ते ऐकून आजवर किती जणांनी पुस्तक उघडलं असेल याची मला शंका आहे. दुसरं माझं व्यक्तिगत आहे. पण ते खोटंही पाडता येतं. तुम्ही पुस्तक उघडून मला सांगू शकता की नानांच्या सोवळ्यात तुम्हाला भय दिसत नाही, दुसऱ्यांवरचा जुलूम दिसतो. मग आपलं भांडण पुस्तकाबद्दल होईल, आणि ते व्हायलाच हवं. व्यक्तिगत म्हणजे वादापलीकडचं, ही समजूत चुकीची आहे. उलट जिथे कारण व्यक्तिगत असतं पण उघड सांगितलेलं असतं, तिथेच वाद घालायला जागा मिळते.

आकड्यांबद्दल थोडक्यात. वर्षाला इतकी पुस्तकं असं लक्ष्य ठेवायची पद्धत वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या गुडरीड्ससारख्या संकेतस्थळांमुळे जगभर रुळली. तिच्यामुळे वाचनाकडे परतलेली माणसं मला ठाऊक आहेत. माझ्या एका मैत्रिणीने पंधरा वर्षांच्या खंडानंतर महिन्याला एक असा नेम धरला आणि तो पाळला. तिच्यापुढे ‘आकड्यात काय ठेवलंय’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटेल. व्यायाम सुरू करणाऱ्याला दिवस मोजावेच लागतात. अडचण नंतर येते. आकडा नुसता मोजत नाही, तो निवडही करायला लागतो. नऊशे पानांची कादंबरी आणि नव्वद पानांची पुस्तिका त्याच्या हिशेबी सारख्याच, तेव्हा नोव्हेंबरात हात आपोआप पुस्तिकेकडे जातो. कवितासंग्रह ‘संपवला’ म्हणजे नेमकं काय केलं, हे आकड्याला सांगता येत नाही. पुनर्वाचन तर त्याच्या लेखी वेळेची नासाडी. रोमन तत्त्वज्ञ सेनेका दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मित्राला लिहितो की, सगळीकडे असणारा कुठेच नसतो, आणि हे तो पुस्तकांच्याच संदर्भात लिहितो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार. नामदेवांनी तिची शिफारस केली ती अशी: ‘नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी, एक तरी ओवी अनुभवावी’. क्रियापद बघा. वाचावी म्हणत नाहीत, पाठ करावी म्हणत नाहीत. आणि संख्या बघा: एक. एखाद्या वाचकाने दुसऱ्याला पुस्तक सुचवण्याचा याहून नेमका प्रकार मला माहीत नाही.

माझ्या मतावरचा सगळ्यांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो मी अजूनही पूर्णपणे बाजूला सारू शकलेले नाही. वर्ष वाचकाचं धरलं आणि सगळे वाचक आपापली जुनी पुस्तकं घेऊन बसले, तर आज लिहिणाऱ्याचं काय? नव्या पुस्तकाला पहिल्या वर्षात वाचक भेटला नाही तर बऱ्याचदा तो पुढे भेटतच नाही. लक्ष्मीबाईंना माझ्या यादीची गरज नाही. पहिलं पुस्तक लिहिणाऱ्याला आहे. हा प्रश्न तात्त्विक नाही. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं. त्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्या पुस्तकाची आणि लेखिकेची बाजू घेतली, आणि समकालीन वाचकाची साक्ष म्हणतात ती हीच. पण अशी साक्ष देणारे थोडे निघाले. ताराबाईंनी दुसरं पुस्तक प्रसिद्ध केलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मध्ये ९३ वर्षं गेली. लेखिकेच्या हयातीत आणखी वीस वाचकांनी तोंड उघडलं असतं तर? या प्रश्नापुढे मला गप्प बसावं लागतं.

उलट टोकाची चूकही होऊन गेलेली आहे. १८८६ साली सर जॉन लबक यांनी लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात भाषण देऊन शंभर पुस्तकांची यादी मांडली. कष्टकरी माणसाला उपयोगी पडावी असा त्यांचा प्रामाणिक हेतू होता. त्यांनी एक नियम पाळला: हयात लेखक वगळायचे. म्हणजे तोल्स्तोय बाद. नाटककार इब्सेन बाद. यादीवरून इंग्लंडात मोठं रण माजलं. समीक्षक रस्किनने तिच्यावर लेखणी फिरवून नावंच्या नावं खोडली, ऑस्कर वाइल्डने सुचवलं की कोणती पुस्तकं वाचू नयेत हे सांगणं जास्त गरजेचं आहे. पण बघा, तेव्हाही भांडण झालं ते कुठलं नाव आत आणि कुठलं बाहेर, यावर. लबक स्वतः बँकर, खासदार, मुंग्या-मधमाश्यांचा अभ्यासक. त्या शंभरांतलं कुठलं पुस्तक त्या माणसाच्या आयुष्यात कधी आणि कसं आलं, हे जाणून घ्यावंसं किती जणांना वाटलं?

तर मग नव्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. माझं उत्तर असं आहे की आजच्या ‘वर्षातली उत्कृष्ट’ याद्या नव्या लेखकाला आधार देतात हे खरं नाही. त्या मोजक्या नव्या लेखकांना आधार देतात. ज्यांची जाहिरात झाली, ज्यांची परीक्षणं आली, ती पंधरा-वीस नावं एका यादीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरतात. १८९५ साली अमेरिकेत ‘बुकमन’ मासिकाने सर्वाधिक खपाच्या पुस्तकांची यादी छापायला सुरुवात केली, तेव्हापासून हे चक्र चालू आहे: खपतं म्हणून यादीत, यादीत म्हणून खपतं. वार्षिक याद्या तर पुष्कळदा नोव्हेंबरातच तयार होतात. डिसेंबरात येणारं पुस्तक मग ना या वर्षाचं, ना पुढच्या. ज्या नव्या लेखकाला खरंच आधार हवा, तो या चक्राच्या बाहेर उभा असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचतो तो भटकणारा वाचक. कुणीही न सुचवलेलं पुस्तक उचलणारा. हा भटकणारा वाचक जुन्यातही भटकतो आणि नव्यातही, कारण दोन्हीकडे त्याला नेणारी वृत्ती एकच आहे. त्याला प्रकाशनवर्षाच्या कुंपणात कोंडलं तर जुनं तर जातंच, नवंही त्याला आयतं निवडलेलं तेवढंच मिळतं. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपात आल्या, त्या गेल्यानंतर. त्या स्वतः निरक्षर. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या कविता उतरवलेली वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती वाचली आणि त्यांना राहवलं नाही. त्या वहीवर कुठलं प्रकाशनवर्ष होतं? एका वाचकाचा उत्साह तेवढा होता, आणि तो पुरला.

म्हणून मला वाटतं, यादी जरूर करावी, मोठ्याने करावी, दिखाव्याचा आरोप झाला तर होऊ द्यावा. पण नावापुढे दोन ओळी तरी लिहाव्यात: हे हाती कसं आलं आणि यात असं काय होतं जे मला आधी दिसलं नव्हतं. अर्धवट टाकलेली पुस्तकंही मांडावीत. कुठल्या पानावर थांबलो आणि का, हे कळलं तर पुढच्या वाचकाचा निर्णय सोपा होतो, आणि कधी कधी नेमक्या त्याच कारणासाठी तो ते पुस्तक उचलतो. मत बदललं असेल तर तेही. माझ्या वहीत गेल्या वर्षी अठ्ठावीस नोंदी आहेत, त्यांतल्या सहा सोडून दिलेल्या पुस्तकांच्या. एका पहिल्याच कादंबरीपुढे मी लिहिलं आहे: ‘शेवट घाईत उरकलाय, पण बहिणीने भावाच्या खोलीतलं कपाट आवरण्याची चार पानं दोनदा वाचली. पुढचं पुस्तक आलं की घेणार.’ ही कादंबरी कुठल्याही यादीत आली नाही. मी तिच्याबद्दल आजवर सात जणांना सांगितलं आहे. तिघांनी वाचली. एकाला ती चार पानंच सगळ्यांत कंटाळवाणी वाटली, आणि त्यावर आम्ही दोन संध्याकाळी भांडलो.

‘स्मृतिचित्रे’ची माझी स्वतःची प्रत कधीच कुणीतरी नेली होती, म्हणून गेल्या वर्षी ती ग्रंथालयातून आणली होती. जुनी प्रत, बांधणी दोनदा केलेली, कडा पिवळ्या. नानांच्या सोवळ्याचं वर्णन जिथे येतं, तिथे समासात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, दोन सालं लिहिलेली होती. वर १९७१. खाली त्याच हस्ताक्षरात, पण जरा थरथरत्या, १९९८. बाकी काही नाही, ना रेघ, ना शेरा. सत्तावीस वर्षांनी तीच व्यक्ती त्याच परिच्छेदापाशी परत आली होती. त्या सत्तावीस वर्षांत तिच्या घरी काय झालं असेल, याचा मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होते. वडील उठले, कडी बघून आले. मी त्यांना विचारलं, वाचून दाखवू का, आणि त्यांनी मान हलवली, म्हणून त्या दोन सालांपासूनच मोठ्याने वाचायला सुरुवात केली.